दोन जावा, दोन शाळा

मुलाला कोणत्या शाळेत घालावे, हा प्रश्न व्यापारी घराण्यांत फार जुना नाही. सोलापूर, बार्शी, फलटण, अकलूज या भागांतील जैन कुटुंबांत दोन पिढ्यांपूर्वी गावात जी शाळा असे तिथेच मुलगा जाई आणि मॅट्रिक झाला की पेढीवर बसे. पुढे शिकायचे असेल तर समाजाच्या बोर्डिंगचा आधार असे. कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. सोलापुरात श्राविकाश्रमाने मुलींसाठी शिक्षणाचे दार उघडले. त्या काळाचा प्रश्न ‘कोणती शाळा’ हा नव्हता. ‘शाळा आहे की नाही’ हा होता. आज त्याच घराण्यांची नातवंडे पुण्यात, बंगळुरात आणि समुद्रापलीकडे शिकत आहेत, आणि शाळांची निवड हा सख्ख्या भावांच्या घरांतही मतभेदाचा विषय झाला आहे.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात स्थायिक झालेल्या, मूळ बार्शीच्या एका कुटुंबात हा मतभेद मोठ्या तीव्रतेने उमटला. तो समजण्यासाठी ‘चार्टर स्कूल’ ही तिकडची व्यवस्था आधी समजून घ्यावी लागते.

अमेरिकेत साधारणपणे गावाची स्वतःची सार्वजनिक शाळा असते. ती विनाशुल्क असते, तिचा कारभार निवडून आलेले शाळा मंडळ पाहते आणि खर्चाचा मोठा भाग घरांवरील मालमत्ता करातून येतो. चार्टर म्हणजे सनद. शिक्षक, पालक किंवा एखादी ना-नफा संस्था राज्याकडे अर्ज करते की, आम्ही अमुक पद्धतीने शाळा चालवू, अमुक परिणाम दाखवू. आम्हांला सनद द्या. सनद मिळाली की शाळा सुरू होते. शुल्क नाही, प्रवेशपरीक्षा नाही, धर्मशिक्षण नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढावी लागते. कारभार गावच्या मंडळाच्या हाती नसतो. पैसा मात्र सार्वजनिकच असतो. असा पहिला कायदा १९९१ साली मिनेसोटा राज्याने केला आणि १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात पहिली शाळा उघडली. न्यू जर्सीत अशा शाळा १९९७ पासून सुरू झाल्या. विशेष म्हणजे ही कल्पना देशभर पोहोचवणाऱ्यांत अल्बर्ट शँकर हे शिक्षक संघटनेचे मोठे नेते होते. १९८८ साली त्यांनी ती उचलून धरली आणि काही वर्षांतच, प्रत्यक्षात ती ज्या वाटेने जाऊ लागली ते पाहून, तेच तिचे टीकाकार झाले. म्हणजे या शाळांविषयीचा मतभेद त्यांच्या जन्मापासूनचाच आहे.

व्यापाऱ्याला ही सनद चटकन समजावी अशी एक तुलना आहे. बँकेकडून दुकानाला कॅश क्रेडिटची मर्यादा मंजूर होते, ती कायमची नसते. मुदत संपली की स्टॉक, ताळेबंद आणि खात्यावरील उलाढाल पाहून नूतनीकरण होते. व्यवहार ठीक नसेल तर मर्यादा कमी होते किंवा बंद होते. न्यू जर्सीत पहिली सनद चार वर्षांची असते आणि नंतरचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांचे. नूतनीकरण नाकारले तर शाळेला कुलूप लागते आणि मुलांना दुसरीकडे जावे लागते. गावच्या जुन्या शाळेवर अशी टांगती तलवार नसते.

बार्शीच्या त्या कुटुंबातील दोघे भाऊ एकाच गावात, चार गल्ल्यांच्या अंतरावर राहत होते. घरे घेताना दोघांचा विचार एकच होता: मुले एकत्र वाढावीत. दर रविवारी दोन्ही घरांची मुले एकाच गाडीतून जैन केंद्रातील पाठशाळेला जात. दशलक्षण पर्वात दोन्ही घरांचा स्वयंपाक एका ठिकाणी होई. थोरल्याची दोन मुले गावच्या शाळेत होती. धाकट्याची मुलगी आणि मुलगाही आरंभी तिथेच होते. मग जवळच एक चार्टर शाळा सुरू झाली आणि धाकट्या जावेने अर्ज भरला. सोडतीत मुलीचा क्रमांक लागला. भावंडांना प्राधान्य असल्यामुळे पुढच्या वर्षी मुलालाही जागा मिळाली.

धाकटीचे कारण स्पष्ट होते. तिचा मुलगा अडखळत बोले. मोठ्या वर्गात तो हात वर करीत नसे, आणि हात वर न करणाऱ्या मुलाकडे कोणाचे लक्ष जात नसे. वर्षाच्या शेवटी झालेल्या पालकभेटीत शिक्षिकेने त्याच्याविषयी जे सांगितले, ते दुसऱ्याच कोणत्या मुलाचे वर्णन असावे, असे तिला वाटले. नव्या शाळेत वर्ग लहान होता. दुसऱ्याच आठवड्यात तिथल्या शिक्षिकेचा फोन आला की, मुलाला कोडी आवडतात, त्याला गणितातून बोलते करता येईल असे वाटते. त्या एका फोनने धाकटीचे मत कायमचे ठरले.

थोरलीचे कारणही तितकेच स्पष्ट होते. ती गावच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघात अनेक वर्षे काम करीत होती. अमेरिकेत आल्यानंतरच्या एकटेपणात त्या शाळेनेच तिला गावात ओळख दिली होती. कार्यक्रमातील केकमध्ये अंडे असते म्हणून जैन मुले बाजूला बसतात, हे तिने मुख्याध्यापकांच्या लक्षात आणून दिले आणि फळांचा पर्याय सुरू झाला. प्राण्यांचे विच्छेदन नाकारण्याचा अधिकार न्यू जर्सीच्या कायद्याने विद्यार्थ्याला आहे, ही गोष्ट तिनेच पाठशाळेतील सर्व पालकांना समजावून सांगितली. तिचे म्हणणे असे की, शाळेत उणीव असेल तर आत राहून ती दूर करावी. बाहेर पडणारा स्वतःचा प्रश्न सोडवतो, पण मागे राहिलेल्यांचा प्रश्न वाढवतो.

त्या वर्षी शाळा मंडळाचा अर्थसंकल्प आला आणि तंतुवाद्ये शिकवणाऱ्या शिक्षिकेचे पद अर्धवेळ झाले. थोरलीचा धाकटा मुलगा त्याच वर्गात व्हायोलिन शिकत होता. त्याचा वर्ग बंद झाला. अर्थसंकल्पात चार्टर शाळेला द्यावयाच्या रकमेची ओळ वेगळी छापलेली होती आणि ती मागील वर्षापेक्षा मोठी होती. थोरलीने ती ओळ वाचली आणि दोन्ही घरांतले बोलणे कमी झाले.

याच सुमारास मुलांचे वडील, ज्यांना घरात आणि बार्शीच्या मार्केट यार्डात सर्व जण अण्णा म्हणत, सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आले. त्यांची चाळीस वर्षे आडत दुकानात गेली होती. तूर, हरभरा, ज्वारी यांच्या पट्ट्या लिहिता लिहिता त्यांना एक सवय जडली होती: भांडण पैशाचे आहे असे कोणी म्हटले की ते आधी वही मागत. त्यांनी मोठ्या सुनेकडे अर्थसंकल्पाचा कागद मागितला. न्यू जर्सीत शाळा मंडळाला अर्थसंकल्पाचा सामान्य नागरिकाला समजेल असा गोषवारा प्रसिद्ध करावा लागतो. थोरल्या मुलाला शेजारी बसवून अण्णांनी त्यातील एकेक ओळ समजून घेतली.

हिशेब असा. गावातील मूल चार्टर शाळेत गेले की कायद्यातील सूत्राप्रमाणे त्याच्यामागच्या रकमेचा सुमारे ९० टक्के भाग गावचे मंडळ त्या शाळेला देते. समजा, ही मूळ रक्कम १५ हजार डॉलर धरली आणि २० मुले गेली, तर १३ हजार ५०० प्रमाणे २ लाख ७० हजार डॉलर गावच्या शाळेच्या वहीतून बाहेर जातात. आता ही २० मुले एका वर्गातून गेलेली नाहीत. बालवर्गापासून बारावीपर्यंतच्या तेरा इयत्तांतून कुठे एक, कुठे दोन अशी गेली आहेत. म्हणून एकही वर्ग बंद होत नाही, एकही शिक्षक कमी होत नाही, बस तितकीच धावते, इमारत तितकीच तापवावी लागते. उत्पन्न गेले, खर्च राहिला. शिवाय न्यू जर्सीत शाळांसाठीचा मालमत्ता कर वर्षाला साधारण दोन टक्क्यांहून अधिक वाढवण्यावर मर्यादा आहे. म्हणजे खड्डा कर वाढवून बुजवता येत नाही. मग कात्री अशा ठिकाणी लागते जिथे कायद्याची सक्ती नाही. तंतुवाद्यांचा वर्ग हे असे ठिकाण.

अण्णांना हे समजावून सांगण्याची गरज पडली नाही. पाच शेतकरी दुसऱ्या आडत्याकडे गेले म्हणून गोदामाचे भाडे कमी होत नाही, दिवाणजीचा पगार कमी होत नाही, हे त्यांनी जन्मभर अनुभवले होते. मोठ्या सुनेचे म्हणणे हिशेबाने खरे होते.

पण वहीला दुसरी बाजूही असते. त्याच कागदावर आरोग्यविमा आणि विशेष शिक्षण यांचे खर्चही वाढलेले दिसत होते, आणि त्या वाढीचा चार्टर शाळेशी संबंध नव्हता. तंतुवाद्यांचे पद अर्धवेळ होण्याला ती एकच ओळ कारणीभूत होती, असे कागद पाहून म्हणता येत नव्हते. चार्टर शाळेलाही इमारतीचे भाडे मिळणाऱ्या पैशांतूनच भागवावे लागत होते. तिच्याकडे ना मैदान होते, ना स्वतःचे स्वयंपाकघर. आणि आणखी एक गोष्ट अण्णांना आडतीच्या धंद्याने शिकवली होती. पाच शेतकरी गेले तर भाडे कमी होत नाही हे खरे. पण ते का गेले, हे न विचारणारा आडत्या पुढच्या हंगामात आणखी पाच गमावतो. धाकट्या सुनेचे म्हणणे हिशेबात दिसत नव्हते, म्हणून ते खोटे ठरत नव्हते.

धाकटा मुलगा आकडेवारीच्या क्षेत्रात नोकरीला होता. त्याने अभ्यासांचा आधार घेतला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील क्रेडो या संशोधन केंद्राच्या २०२३ च्या अहवालात, चार्टर शाळांतील मुलांची वर्षभरातील प्रगती तुलनीय सार्वजनिक शाळांतील मुलांपेक्षा वाचनात सरासरी १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या शिक्षणाइतकी अधिक दिसली होती. थोरल्याने त्याच केंद्राचा २००९ चा अहवाल पुढे केला. त्यात गणितात १७ टक्के चार्टर शाळा सरस, ३७ टक्के शाळा कमी प्रतीच्या आणि ४६ टक्के शाळांत लक्षणीय फरक नाही, असे आढळले होते. दोघांचे आकडे खरे होते. मोठ्या शहरांतील गरीब वस्त्यांत या शाळांचा लाभ अधिक दिसतो आणि केवळ संगणकावरून चालणाऱ्या चार्टर शाळांचे निकाल फार वाईट आहेत, हेही त्या अभ्यासांतूनच पुढे आले आहे. या कुटुंबाचे गाव ना गरीब वस्ती होते, ना तिथली शाळा संगणकावर चालणारी होती. सरासरीच्या आकड्यात त्या गावाचे उत्तर नव्हते, आणि अडखळत बोलणाऱ्या एका मुलाचे उत्तर तर मुळीच नव्हते.

हा वाद दोन घरांपुरता राहिला असता तर कदाचित शमला असता. पण जैन केंद्रात पाठशाळा सुरू असताना बाहेरच्या दालनात पालक चहा घेत बसत, तिथे तो पोहोचला. दोन टेबलांवर दोन गट बसू लागले. एकाने तर सुचवले की, इतकी कुटुंबे आहेत तर जैन मूल्यांची आपलीच चार्टर शाळा का काढू नये? ते शक्य नव्हते, कारण सनदी शाळा सार्वजनिक असल्याने ती धर्माची असू शकत नाही. ओक्लाहोमा राज्यात एका कॅथलिक चार्टर शाळेला परवानगी देण्याचा प्रयत्न झाला, तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द ठरवला. पुढे २२ मे २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींची मते चार विरुद्ध चार अशी विभागली गेल्याने तो निर्णय कायम राहिला. देशाच्या सर्वोच्च पीठावरही या शाळांविषयी निम्मी मते इकडे आणि निम्मी तिकडे असतील, तर चहाच्या टेबलावर एकमत होणे कठीणच.

मोठ्यांचे बोलणे मुले ऐकत असतात. एका रविवारी परतताना थोरल्याच्या मुलाने चुलत बहिणीला सांगून टाकले, की आमचा व्हायोलिनचा वर्ग तुमच्या शाळेने नेला. ती मुलगी नऊ वर्षांची होती. ती काही बोलली नाही. पण पुढच्या शनिवारी ती काकांकडे गेली नाही, त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. पाठशाळेत त्या महिन्यात पाच अणुव्रते शिकवली जात होती. एका संध्याकाळी तिने आजोबांना विचारले,

“अण्णा, दुसऱ्याचं न विचारता घेतलं तर ती चोरी ना?”

“हो बाळ.”

“मग मी दादाचं व्हायोलिन चोरलं का?”

अण्णांनी हातातली पोथी मिटली. मोठ्यांच्या वादात जो शब्द कोणीही उच्चारला नव्हता, तो या मुलीने स्वतःवर ओढवून घेतला होता. अचौर्याचा धडा ती इतक्या प्रामाणिकपणे शिकली होती की आपल्या शाळेच्या बाकावर बसणे हेच तिला पाप वाटू लागले होते. अण्णांनी तिला जवळ घेऊन सांगितले, की ही चोरी नव्हे. कायद्याने तुझा वाटा तुला दिला आहे आणि तो तू लपून घेतलेला नाहीस. मात्र वाटा कोणाच्या पोत्यातून आला, हे घेणाऱ्याने जाणून असावे आणि त्या पोत्याला नावे ठेवू नयेत. एवढे पाळले की झाले.

त्या रात्री अण्णांनी दोन्ही मुलांना आणि दोन्ही सुनांना एकत्र बसवले. कोणाची शाळा चांगली हा विषयच त्यांनी काढला नाही. नातीचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला आणि ते झोपायला गेले. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग थोरली उठली आणि स्वयंपाकघरात गेली. धाकटी तिच्या मागोमाग गेली. तिथे काय बोलणे झाले ते त्या दोघींनाच ठाऊक. दुसऱ्या शनिवारी मुलगी काकांकडे गेली आणि दाराशी थांबलेल्या चुलत भावाने, कोणी सांगितले नसतानाही, आपले जुने लहान व्हायोलिन तिच्या हातात दिले.

मतभेद मात्र मिटले नाहीत. मिटावेत अशी अपेक्षाही अण्णांची नव्हती. खरी कसोटी हिवाळ्यात आली. चार्टर शाळेची सनद नूतनीकरणासाठी राज्याकडे गेली. अशा वेळी शाळा मंडळ आणि नागरिक आपले म्हणणे कळवू शकतात. गावात दोन निवेदने फिरू लागली. विरोधातील निवेदन थोरलीकडे आले. सह्या गोळा करणाऱ्यांना तिच्याच सहीचे वजन हवे होते. निवेदनात पैशाचा मुद्दा होता, जो तिला पूर्ण मान्य होता. पण त्यात असेही लिहिले होते, की त्या शाळेत मुलांचे शिक्षण होत नाही. तिचा अडखळणारा पुतण्या त्याच शाळेच्या मंचावर उभा राहून चार वाक्ये बोलला, ते तिने समोर बसून ऐकले होते. तिने ते वाक्य गाळण्यास सांगितले. वाक्य गाळले तर निवेदनाचा जोर जाईल, असे उत्तर आले. तेव्हा तिने सही केली नाही. तिने स्वतःचे वेगळे पत्र लिहिले. राज्याने रक्कम देण्याची पद्धत बदलावी, मुले कमी होणाऱ्या वर्षी गावच्या शाळेला काही भरपाई मिळावी, असे त्यात मागितले. शाळा बंद करा असे मात्र लिहिले नाही. संघातील काही मैत्रिणींनी नंतर तिच्याशी बोलणे कमी केले.

धाकटीकडे समर्थनाचे निवेदन आले. त्यात गावच्या शाळेला मुलांची पर्वा नाही असे लिहिले होते. तिने ते वाचले आणि तरीही सही केली. शाळा बंद पडली तर आपल्या मुलाचे काय, या भीतीपुढे तिला दुसरे काही दिसले नाही. नवऱ्याने विचारले तेव्हा ती म्हणाली, “वहिनींना परवडतं. त्यांच्या शाळेला कुलूप लागणार नाहीये.” या उत्तरातही तथ्य होते, हे कोणालाही नाकारता येणार नाही. ज्याचे दोन पैसे जाणार त्याने न्यायाने बोलणे आणि ज्याचे सर्वस्व जाणार त्याने न्यायाने बोलणे, यांत अंतर असते.

सनद पाच वर्षांसाठी वाढवून मिळाली. त्यानंतर काही महिन्यांनी एक वेगळीच अडचण पुढे आली. मुलाचा आत्मविश्वास वाढला होता, पण वाणीदोषासाठी जो नियमित उपचार हवा होता तो लहान शाळेत पुरेसा मिळत नव्हता. तिथे वाचातज्ज्ञ बाहेरून, ठरावीक दिवशीच येत. गावच्या शाळेत असे तज्ज्ञ पूर्णवेळ नोकरीला होते. धाकटीला हे मान्य करणे जड गेले. ज्या शाळेला पर्वा नाही अशा निवेदनावर आपण सही केली, त्याच शाळेच्या दारात आता जायचे होते. ती थोरलीकडे गेली. थोरलीने मागचे काही काढले नाही. मूल्यमापनाचा अर्ज कसा करायचा, कोणाला भेटायचे, बैठकीत काय मागायचे, हे कागदावर लिहून दिले आणि बैठकीच्या दिवशी तिच्याबरोबर गेली. मुलगा गावच्या शाळेत परतला. मुलगी चार्टर शाळेतच राहिली, कारण तिथे तिचे चांगले चालले होते. आज एकाच घरातून सकाळी दोन मुले दोन शाळांना जातात. त्या वर्षीच्या क्षमावाणीला धाकटीने जावेची क्षमा मागितली तेव्हा ती दरवर्षीच्या रिवाजापुरती नव्हती.

अनेकान्ताचा उल्लेख आपल्याकडे पुष्कळदा ‘सगळ्यांचेच बरोबर’ अशा सोयीच्या अर्थाने होतो. तो अर्थ खरा नव्हे. आचार्य समंतभद्रांनी ‘आप्तमीमांसे’त मांडलेला विचार असा, की प्रत्येक नय वस्तूची एक बाजू दाखवतो, पण दुसऱ्या बाजूंचा निषेध करू लागला की तोच नय मिथ्या होतो. थोरलीचा पैशाचा हिशेब हा एक नय होता. तो खरा होता. ‘म्हणून त्या शाळेत शिक्षणच होत नाही’ हे पुढचे वाक्य मिथ्या होते, आणि तेवढेच तिने गाळू पाहिले. धाकटीचा मुलाविषयीचा अनुभव खरा होता. ‘म्हणून दुसऱ्या शाळेला पर्वा नाही’ हे मिथ्या होते, आणि ते तिला वेळेवर गाळता आले नाही. अनेकान्त स्वाध्यायात सोपा असतो. सहीसाठी कागद पुढे आला की अवघड होतो.

हा प्रश्न फक्त परदेशातील नाही. महाराष्ट्रातही सार्वजनिक पैसा आणि खाजगी कारभार यांची सांगड जुनीच आहे. अनुदानित शाळेत शिक्षकांचे वेतन शासन देते आणि कारभार संस्था पाहते. आपल्या समाजाच्या कित्येक शाळा अशाच चालत आल्या आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांतील २५ टक्के प्रवेश दुर्बल घटकांसाठी राखून ठेवले आणि इथेही सोडत आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळेला त्यातून सूट दिली. तो बदल मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केला. जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला आणि त्याच वर्षीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याक संस्था या २५ टक्क्यांच्या तरतुदीतून बाहेर राहिल्या. म्हणजे आपल्या संस्थांच्या विश्वस्तांपुढेही तोच प्रश्न उभा आहे, जो त्या दोन जावांपुढे होता: कायद्याने जे आपले आहे ते घेताना ते कोणाच्या पोत्यातून येते आहे, याची जाणीव आपण ठेवतो का?

व्यापारी माणूस माल घेण्यापूर्वी नमुना पाहतो, भाव विचारतो आणि मागच्या हंगामाची चौकशी करतो. शाळेबाबतही तेवढी चौकशी करावी. पैसा कुठून येतो, शिक्षक किती वर्षे टिकतात, मागे पडणाऱ्या मुलासाठी काय सोय आहे, मान्यता किंवा सनद किती मुदतीची आहे, हे प्रश्न प्रवेशाच्या आधी विचारावेत. निकालाची सरासरी जरूर पाहावी, पण आपले मूल सरासरी नसते हे विसरू नये. शाळा निवडण्याचा अधिकार आईवडिलांचा आहे, आणि तो त्यांनी मोकळेपणाने वापरावा. मात्र निवड करून झाल्यावर जी शाळा निवडली नाही तिच्याविषयी खरे तेवढेच बोलण्याची जबाबदारीही त्यांचीच आहे. ते बोलणे शेजारच्या खोलीत बसलेले मूल ऐकत असते, आणि पाठशाळेत शिकलेला शब्द त्याला लावून पाहत असते.